आधी चिखलाची जागा मोज

पत्र : काका, नमस्कार. वय ३४, सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. उंची १६८ सेंटिमीटर. सहा वर्षं एमटीबीवर (माउंटन बाइकवर) दर रविवारी चाळीस-पन्नास किलोमीटर होतात. हिप्परगा, नान्नज, कधी तुळजापूर. आता ग्रॅव्हल बाइक (डांबरी आणि कच्च्या, दोन्ही रस्त्यांवर चालणारी) स्वतः जोडायची आहे. हाताशी ९० हजार आहेत. तीन फ्रेम डोक्यात आहेत : परदेशातून मागवायची बिनानावाची कार्बन, मित्राकडची जुनी ॲल्युमिनियमची सायक्लोक्रॉस (चिखलातल्या शर्यतीची, तो आठ हजारांत देतोय) आणि एक क्रोमोली स्टीलची. तिन्हींची वजनं आणि किमती सोबत लिहिल्या आहेत. जुन्या एमटीबीचा शिमानो डिओर १० स्पीड (मागे दहा चक्रांचा) डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग, पडून आहे, तो शिमानोच्याच सोरा या रोड बाइकच्या संचातल्या गिअर लिव्हरला चालेल ना? पुढे पायडलपाशी एक चक्र ठेवू की दोन? बायको म्हणते, एवढ्या पैशांत तयार सायकल येते, मग हा उद्योग कशाला? आणि शेवटचं, हसू नका : वडिलांची गिरणीत जायची २२ इंची सायकल जिन्याखाली आहे. तिचीच ग्रॅव्हल करता येईल का? – फ्रेममध्ये अडकलेला, जुळे सोलापूर

हसलो नाही रे. वडिलांच्या सायकलचा प्रश्न तुझ्या पत्रातला सगळ्यांत चांगला प्रश्न आहे, म्हणून तो शेवटी घेतो. आधी सूनबाईंचा, कारण तो मिटल्याशिवाय बाकीचं वाचायला तुला घरात निवांतपणा मिळणार नाही.

त्यांचं बरोबर आहे. सायकल कंपनी गिअरचे संच हजारांनी उचलते, तू एकेक डबा किरकोळीत घेणार. घाऊक आणि किरकोळ भावातला फरक टॉवेलवाल्याला मी काय सांगावा! ९० हजारांत तू जोडलेली सायकल त्याच पैशांतल्या तयार सायकलीपेक्षा भागांच्या दर्जात एक पायरी खालीच राहील. वर हत्यारं : बॉटम ब्रॅकेटचा (पायडलचा आस ज्यात फिरतो त्या बेअरिंगचा) पाना, कॅसेटचा (मागच्या चक्रांच्या संचाचा) पाना, चेन तोडायचं, वायर स्वच्छ कापणारी कात्री, टॉर्क पाना. त्यात सहा-सात हजार सहज जातात आणि ते कुणीच आधी हिशेबात धरत नाही. तेव्हा 'पैसे वाचतात' हे कारण घरात सांगू नकोस, पहिल्याच महिन्यात उघडं पडशील. 'मला ती माझ्या हाताने जोडायची आहे' एवढंच सांग. ते खरं आहे आणि पत्राच्या ओळीओळीत दिसतंय. पण मनात तपासून बघ. जोडण्यापेक्षा फिरण्याचीच ओढ जास्त असेल, तर तयार सायकल घे आणि हे पत्र इथेच घडी करून ठेव.

अजून वाचतोयस? बरं.

तू तिन्ही फ्रेमची वजनं ग्रॅममध्ये लिहून पाठवलीस. किमती रुपयात. टायरला जागा किती आहे, हे मात्र एकाही फ्रेमपुढे लिहिलं नाहीस. सोलापूरच्या माणसाने आधी तेच विचारायचं असतं. हे मला कसं कळलं ते सांगतो.

आठ-नऊ वर्षं झाली असतील. जूनचा शेवट होता. मी हत्तरसंग कुडलला निघालो होतो, भीमा-सीनेच्या संगमावर. तिथल्या देवळात शके ९४० चा मराठी शिलालेख आहे. तू अजून गेला नसशील तर नवी सायकल झाल्यावर पहिली लांबची फेरी तिकडेच कर. तर मंद्रूप मागे टाकलं, आणि मला शहाणपण सुचलं. डांबरी सोडून एका पाणंदीला लागलो. तेव्हाची माझी फ्रेम अशीच अधलीमधली होती. ३५ मिलीमीटर रुंद टायर, आणि दोन्ही बाजूंना बोटाचं नख जाईल एवढी फट. पाऊस पडला दहाच मिनिटं. आपली काळी माती तुला नवीन नाही. उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात, पाणी लागलं की फुगते, आणि चाकाला एकदा धरली की सोडत नाही. शंभर पावलांत मागचं चाक फिरायचं थांबलं, मग चिमट्यात, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कमध्ये, पुढचंही. बरं, ढकलावी तर चाक फिरत नाही. सायकल खांद्यावर घेऊन तीन किलोमीटर चिखल तुडवला. वस्तीवरच्या एका म्हाताऱ्याने खुरपं दिलं, मी माती खरवडत बसलो, तो बाजूला उभं राहून बघत होता. म्हणाला, "एवढी महागाची सायकल, आन् चिखलात चालत न्हाई व्हय?"

ही फजिती फक्त आपलीच नाही, एवढंच समाधान. अमेरिकेत कॅन्ससमधल्या एम्पोरिया गावी २००६ पासून ग्रॅव्हलची मोठी शर्यत होते. पूर्वी नाव वेगळं होतं, आता तिला अनबाउंड म्हणतात. २०२३ साली सुरुवातीलाच चिखल लागला आणि जगातले नामवंत सायकलपटू सायकली खांद्यावर घेऊन चालले. तिथले जुने खेळाडू रंग ढवळायची लाकडी पट्टी खिशात ठेवतात, माती खरवडायला. म्हणजे खुरपंच.

तर फ्रेम हातात आली की तीन ठिकाणी बघ : बॉटम ब्रॅकेटच्या मागे जिथे दोन नळ्या जवळ येतात, वर मागच्या आडव्या पट्टीखाली, आणि पुढे चिमट्याच्या माथ्याखाली. टायर घातल्यावर चहूबाजूंनी निदान ६ मिलीमीटर मोकळे राहावेत. आपल्याकडे ८-१० असले तर मी जास्त खूश. फ्रेमवर '७०० × ४५ पर्यंत' लिहिलं असेल तर त्यात ४० घाल, ४५ नको. आणि पन्नासची जागा असली तरी भिजलेल्या काळ्या रानातून वाट निघेलच असं नाही. मृग लागला की मुरूम धरायचा. मुरमातून पाणी झिरपून जातं, तो चाकाला धरत नाही.

आता तुझ्या तीन फ्रेम.

मित्राची सायक्लोक्रॉस इथेच बाद. त्या खेळात आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमाने टायर ३३ मिलीमीटरपेक्षा रुंद चालत नाही, त्यामुळे जुन्या सायक्लोक्रॉस फ्रेमना त्याहून फार जास्त जागा ठेवलेलीच नसते. तू लिहिलंस तसं तिचं बॉटम ब्रॅकेट दाबून बसवायचं आहे आणि मागचा एक्सल जुन्या पद्धतीचा, झटकन सुटणारा. आठ हजारांत मिळते म्हणून घेतलेली फ्रेम पुढे प्रत्येक सुटा भाग स्वतःच्या मापाचा मागत बसते. मित्राला नाही म्हण, चहा पाज.

कार्बनबद्दल लोक बोलतात ते अर्धवट असतं. कार्बन नाजूक नसतो. नीट बनवलेली कार्बन फ्रेम वर्षानुवर्षं थकत नाही. अडचण वेगळी आहे. बिनानावाच्या फ्रेममध्ये कापडाचे थर कुणी, किती, कसे टाकले हे बाहेरून दिसत नाही. खडी उडून खालच्या नळीवर बसली आणि आतला थर सुटला, तर तो तपासणार कोण? परत पाठवायची म्हटली तर पाठवणावळ, शिवाय येताना भरलेली कस्टम ड्युटी गेली ती गेलीच. नाव असलेल्या कंपनीची, हमीची कार्बन फ्रेम तुझ्या बजेटात बसली असती तर मी अडवलं नसतं. ही नको.

उरली क्रोमोली. हीच घे. पण तिच्याबद्दलही डोळे मिटून कौतुक करायचं कारण नाही.

वजनाचं आधी बोलू, कारण तुझं मन तिथेच अडकलंय. क्रोमोली फ्रेम सव्वादोन-अडीच किलो भरते, कार्बन सव्वा किलोच्या आसपास. फरक एक किलोचा, म्हणजे एक लिटर पाण्याचा. एप्रिलमध्ये सकाळी सहाला निघून दहाला परतायचं म्हटलं तरी तीन लिटर पाणी लागतं, आणि नान्नजच्या माळावर सावलीला झाड शोधावं लागतं. म्हणून फ्रेमवर बाटलीचे बोल्ट किती जागी आहेत ते मोज. दोन तर सगळ्यांना असतात. खालच्या नळीच्या पोटाशी तिसरी जागा हवीच. तिथली बाटली चिखलाने माखते, तेव्हा तोंडाला झाकण असलेली घे. चिमट्याच्या दोन्ही पायांवरही बोल्ट असले तर दुधात साखर. एक किलो हलकी फ्रेम आणि बाटलीला जागा नाही, हे पुण्या-मुंबईच्या पावसात चालेल, आपल्याकडे वैशाखात नाही.

'स्टील कुठेही वेल्डिंग होतं' हे दुसरं आवडतं वाक्य. चांगल्या क्रोमोली नळीची भिंत मधल्या भागात एक मिलीमीटरही जाड नसते. उसाच्या ट्रॉलीला वेल्डिंग मारणाऱ्याने तिच्यावर काडी टेकवली की भोक. टिग वेल्डिंग जमणारा किंवा पितळेने डाग देणारा कारागीर लागतो. असे हात आपल्या एमआयडीसीत सापडतात, पण रस्त्याकडेला नाही.

आणि गंज. सोलापूरची हवा कोरडी, त्यामुळे समुद्राकाठच्या माणसाइतकी काळजी तुला नको. आपल्याकडे फ्रेम खातो तो घाम. पावसाळ्याआधी एकदा सीटची दांडी काढून नळ्यांच्या आत संरक्षक तेल सोड. परदेशात त्यासाठी महागाचे डबे मिळतात. पुष्कळ जुने कारागीर उकळलेलं जवसाचं तेल वापरतात, रंगाच्या दुकानात मिळतं ते. वाळलं की आत पातळ पापुद्रा धरतो. एक मात्र कर : तेल पुसलेली चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नकोस. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि अशा चिंध्या आपोआप पेट घेतात. आपल्या मे महिन्यात तर विचारूच नकोस. पसरून वाळव किंवा पाण्यात बुडवून ठेव.

मापाचं बघ. 'मीडियम', '५२', 'छपन्न' या अक्षरा-आकड्यांवर जाऊ नकोस, प्रत्येक कंपनीचा मीडियम वेगळा. बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून हेड ट्यूबच्या (चिमटा ज्यात बसतो त्या पुढच्या नळीच्या) माथ्यापर्यंतचं उभं अंतर म्हणजे स्टॅक, आडवं अंतर म्हणजे रीच. या दोन आकड्यांवर फ्रेमची तुलना होते. तुझ्या उंचीला बहुतेक कंपन्यांची ५१ ते ५३ मधली फ्रेम बसेल. मात्र एमटीबीची रीच डोक्यात धरून ग्रॅव्हलची फ्रेम निवडलीस तर फसशील. खाली वळलेल्या (ड्रॉप) हँडलवर हात आणखी पुढे जातात, म्हणून या फ्रेमची रीच कमीच असते. दोन मापांच्या मधे अडकलास तर लहान घे, स्टेम (हँडल धरणारा तुकडा) लांब करता येतं.

लहान फ्रेम आणि मोठं चाक एकत्र आलं की आणखी एक होतं : हळू वळताना पायाचा पंजा पुढच्या चाकाला लागतो. वेगात कधी लागत नाही, पण चाकोरीतून बाहेर पडताना, चढावर, नेमका तेव्हाच लागतो. शक्य असेल तर कुणाची त्याच मापाची सायकल घेऊन पायडल पुढे ठेवून हँडल वळवून बघ.

बाकी न बदलता येणाऱ्या गोष्टी भरभर सांगतो. बॉटम ब्रॅकेट आट्यांचं, बीएसए. दाबून बसवायच्या प्रकारात आपली धूळ शिरली की कुरकुर सुरू होते. बीएसएला चेनच्या बाजूची वाटी उलट्या आट्याची असते. उलट फिरवून घट्ट कर, सुलट जोर लावून आटे मारू नकोस. एक्सल १२ मिलीमीटर जाडीचे, रुंदी पुढे १००, मागे १४२. ब्रेकची बैठक फ्लॅट माउंट असेल तर कॅलिपरही (ब्रेकचे पॅड दाबणारा भाग) त्याच बैठकीचा घे. फ्रेम वेगळी आणि चिमटा वेगळ्या कंपनीचा घेणार असशील तर एक्सलपासून माथ्यापर्यंतची चिमट्याची उंची फ्रेम बनवणाऱ्याने सांगितली तेवढीच हवी. दोन सेंटिमीटरचा फरक पडला तरी हँडलचं वागणं बदलतं. पुढचं चक्र जास्तीत जास्त किती दात्यांचं बसेल हेही विचार. टायरला जागा देताना नळ्या बाहेर वाकवलेल्या असतात, मोठं चक्र त्यांना घासतं. आणि फ्रेम मागवतानाच डिरेलरचा हँगर (डिरेलर फ्रेमला ज्यावर अडकतो तो तुकडा) एक जास्तीचा मागव. प्रत्येक फ्रेमचा आकार निराळा, सोलापुरात तो कुठल्याच दुकानात लटकत नसतो, आणि सायकल उजव्या कुशीवर पडली की पहिला तोच वाकतो.

चाकांवर जरा थांबतो, कारण पैसे वाचवायचे तर लोक इथेच वाचवतात आणि मग रविवारचा अर्धा दिवस रस्त्याकडेला घालवतात. ३२ तारांची, साध्या वाकड्या टोकाच्या स्पोकची चाकं घे. स्पोक तुटला तर कुठल्याही बऱ्या दुकानात मापाचा मिळेल आणि आउट काढणारा माणूसही. सपाट स्पोकांची देखणी चाकं सुंदर दिसतात, पण सुटा स्पोक पुण्याहून यायला चार दिवस. रिम आतून २१ ते २५ मिलीमीटर रुंद, कडेला हूक असलेली.

टायर ४० चं, मधे जरा गुळगुळीत आणि कडेला दाते. आपला निम्मा रस्ता डांबरी असतो हे कबूल करू. आणि ट्यूबलेस, म्हणजे ट्यूब न घालता टायरात थेट हवा. यात माझं दुसरं मत नाही, कारण बाभूळ. साधी बाभूळ, तिच्यावर कडी करणारी वेडी बाभूळ, आणि पावसाळा सरला की दसऱ्यापासून पुढे सराटे. सराट्याला तर जमिनीवर कसाही टाकला तरी एक काटा वर असतोच. ट्यूब घालून कॅनॉलच्या कडेची कच्ची वाट धरलीस तर एका फेरीत तीन पंक्चर सहज.

पण ट्यूबलेसचं आपल्या हवेत एक दुखणं आहे, ते दुकानदार सांगत नाही. आतलं दूध, म्हणजे भोकं बुजवणारं पातळ रसायन, उन्हाने आटतं. डब्यावर तीन-चार महिने लिहिलेलं असतं. चैत्र-वैशाखात महिना-सव्वा महिन्याने व्हॉल्व्हमधून काडी घालून बघ. ४० च्या टायरला ६० ते ९० मिलिलिटर लागतं. चाक कानाशी धरून हलवलं आणि डुचमळ ऐकू आली नाही, तर तू दूध नसलेल्या ट्यूबलेसवर फिरतोयस, म्हणजे ट्यूबपेक्षाही वाईट.

टायर पहिल्यांदा रिमवर बसवायला हातपंप पुरत नाही. हायवेच्या टायरवाल्याकडे जा, रात्री-बेरात्रीही उघडा असतो. त्याचं नोझल मोटारीच्या व्हॉल्व्हचं, तुझा व्हॉल्व्ह बारीक. मधे घालायचा पितळेचा छोटा ॲडॉप्टर किल्लीच्या जुडग्यात अडकवून ठेव. त्याला बजावून सांग : दादा, ट्रकसारखी नको. टायरच्या कडेला लिहिलेल्या आकड्याच्या वर जायचं नाही. 'टक्‌ टक्‌' आवाज आला की कडा बसली. मग फिरायला निघताना हवा कमी कर. तुझं वजन सत्तरच्या आसपास असेल तर ३५ ते ४० पीएसआय, मागे दोन-तीन जास्त.

आणि कितीही झालं तरी एक ट्यूब सोबत. पण घालण्याआधी टायरच्या आतून बोट नको, रुमाल फिरव. ट्यूबलेस टायरमध्ये महिनोन्‌महिने काट्यांची टोकं मोडून राहिलेली असतात; दुधाने त्यांची भोकं बुजवलेली, म्हणून तुला पत्ता नसतो. नवी ट्यूब घातलीस की ती सगळी एकदम हिशेब चुकता करतात. मी एकदा एका जागी बसून तीन ट्यूब घालवल्या, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

आता तो डिओर. नाही चालणार. बसेल, बोल्टही घट्ट होईल, पण गिअर कधी जागेवर पडणार नाहीत. कारण असं : लिव्हरची एक टिचकी वाजली की वायर ठरावीक लांबीने ओढली जाते, आणि तेवढ्या ओढीवर डिरेलरने किती सरकायचं हे त्याच्या घडणीत ठरलेलं असतं. शिमानोच्या ९ स्पीडपर्यंतच्या रोड आणि एमटीबी दोन्ही डिरेलरमध्ये वायर १ मिलीमीटर ओढली की डिरेलर सुमारे १.७ सरकतो. १० स्पीड एमटीबीमध्ये त्यांनी ते प्रमाण सुमारे १.२ वर आणलं. सोराच्या ९ स्पीड लिव्हरला तुझा डिओर जोडलास तर प्रत्येक टिचकीला तो कमीच सरकेल. मात्र याच हिशेबाची दुसरी बाजू फायद्याची : सोराच्या ९ स्पीड लिव्हरला एमटीबीचा ९ स्पीड डिरेलर, अलिव्हिओ म्हण, बिनतक्रार चालतो, आणि तो ३६ दात्यांचं मोठं कॅसेट पेलतो. तुझा डिओर विकून टाक.

पुढे एक की दोन? एकाची फॅशन आहे आणि तिला कारणही आहे : पुढचा डिरेलर नाही, चिखल अडकायला एक जागा कमी, जोडायलाही सोपं. पण एक चक्र ठेवायचं तर मागे क्लच (चेन ताणून धरणारी रचना) असलेला डिरेलर हवा, नाहीतर खडबडीत उतारावर चेन उडते. ड्रॉप हँडलला चालणारे असे स्वस्त संच मिळतात, त्यांच्यात मायक्रोशिफ्टचा ॲडव्हेंट एक्स चांगला आहे. त्याची ओढ मात्र फक्त त्याच्याच लिव्हरशी जुळते. मोडला तर तोच मागवायचा आणि येईपर्यंत घरी बसायचं.

मी तुला दोन चक्रं सांगतो. सोलापूरला डोंगर नाहीत, पण आषाढातला पश्चिमेचा वारा हा आपला घाट. होटगीकडून परतताना तो तोंडावर आला की तासन्‌तास एकाच लयीत पाय फिरवावे लागतात. तेव्हा दोन गिअरमधली उडी मोठी असेल तर एक फार जड, दुसरा फार हलका, आणि मधला हवा असतो तो नेमका नसतो. दोन चक्रांमुळे मागचं कॅसेट फार पसरट ठेवावं लागत नाही.

पुढे ४६ आणि ३० दात्यांची चक्रं (४६/३०), मागे ११ ते ३६ दात्यांचं कॅसेट मिळालं तर सोनं. ४० च्या टायरचा घेर सुमारे २.२ मीटर. ३०/३६ वर पायडलच्या एका फेऱ्यात १.८ मीटर पुढे जाशील. मिनिटाला साठ फेरे मारलेस तरी ताशी साडेसहा किलोमीटर. तुळजापूरच्या घाटात पाठीवर सामान असतानाही एवढं पुरे. दुसऱ्या टोकाला ४६/११ वर नव्वद फेऱ्यांना पन्नासचा वेग. त्याहून जोरात जायचं असेल तर मोटारसायकल घे. ४६/३० नाही मिळाला तर साधा ५०/३४. चढाला ताशी साडेसात पडतील, गुडघे तरुण आहेत तोवर चालेल. माझे नाहीत, म्हणून मी ३० वर आलो.

ब्रेक वायरवर चालणारे डिस्क, ज्यात दोन्ही बाजूंचे पॅड हलतात असे. टीआरपी स्पायर त्यातलाच. वायर तुटली तर मोहोळलाही मिळते, तेल कुठे भरणार? घेताना 'रोड' कॅलिपरच माग. एमटीबीचा घेतलास तर ड्रॉप हँडलची लिव्हर पुरेशी वायर ओढत नाही आणि ब्रेक मऊ लागतो. रोटर (ब्रेकची चकती) १६० मिलीमीटरचे. हँडल ४२ किंवा ४४ सेंटिमीटर, खालच्या बाजूला थोडं फाकलेलं. सीट आणि पायडल एमटीबीची काढ. बुडाला ओळखीची सीट कुठल्याही नव्या सीटपेक्षा चांगली.

पैशाचं : फ्रेम, चिमटा, हेडसेट मिळून ३२ हजार, चाकं आणि टायर २०, गिअर, क्रँक (पायडलचे दांडे), चेन २५, ब्रेक ८. हे भाव नाहीत, कुंपण आहे. उरलेल्या पाचात हँडल, स्टेम, टेप. हत्यारं यात बसत नाहीत हे तुला कळलंच असेल. म्हणून सोराच्या लिव्हर जुन्या शोध. रोड बाइकवाले वरचा संच बसवतात तेव्हा चांगल्या स्थितीतल्या काढून ठेवतात. जुन्या वस्तूत लिव्हर, स्टेम, क्रँक घ्यावेत. चेन, कॅसेट, आणि कार्बनचा चिमटा जुना कधी घेऊ नये. टॉर्क पानाही विकत नको, वर्षातून चार वेळा लागतो. कुणाचा तरी आणायचा.

आणि आता जिन्याखालची सायकल.

नाही, तिची ग्रॅव्हल होणार नाही. तिचं चाक ६३५ मिलीमीटर व्यासाच्या रिमचं, आजची टायरं ६२२ ची. डिस्कला बैठक नाही. दांड्याचे ब्रेक रिमला खालून धरतात, ते नव्या रिमला चालत नाहीत. मागचा एक्सल अरुंद, कॅसेट मावत नाही. हे सगळं बदलायचं तर फ्रेमवर जागोजागी कानस आणि वेल्डिंग, आणि शेवटी जे उरेल ते ना वडिलांची सायकल, ना ग्रॅव्हल.

पण जिन्याखाली वाकून तिच्या टायरची कड पुसून बघ. २८ × १½ लिहिलेलं असेल, आणि बाजूला बारीक आकड्यात ४०-६३५. तो पहिला ४० म्हणजे रुंदी. तू इतके दिवस ज्या टायरची चौकशी करतोयस तेवढ्याच रुंदीच्या टायरवर तुझे वडील मुरमाच्या रस्त्याने पहिल्या पाळीच्या भोंग्याला गिरणीत पोचायचे. मधे चाकाभोवतीची फट बघ. बोट आरामात फिरतं. चिमटा पुढे झुकलेला, दोन चाकांतलं अंतर लांब, खडबडीत वाटेवर हँडल शांत राहावं म्हणून. ग्रॅव्हलच्या माहितीपत्रकात हेच नवं म्हणून छापतात.

तिला तिच्यासारखीच चालती कर. टायर, ट्यूब, छर्रे, ब्रेकचे रबर, कॉटर (क्रँक आसावर जखडणारी खीळ), सगळं अजून जुन्या दुकानांत मिळतं, आणि नव्या सायकलच्या बारटेपपेक्षा फार जास्त खर्च येणार नाही. बेअरिंग कसं बसतं, बेअरिंग दाबणारा कोन-नट किती घट्ट करायचा, आउट कसा काढायचा, हे तिच्यावर शिक. क्रोमोली फ्रेमचा डबा येईपर्यंत हात तयार होईल. आणि कॉटर काढताना क्रँकखाली लाकडाचा ठोकळा उभा लाव, मगच हातोडी मार. नाहीतर सगळा घाव आतल्या वाट्यांवर बसतो.